पडलास कसा, ते सांग

मागच्या महिन्यात एका रात्री साडेअकराला मी कंट्रोलर आपटला. गादीवर आपटला, फरशीवर नाही, कारण पीएस फाइव्हचे अजून चार हप्ते जायचेत आणि राग कितीही आला तरी माझा हात हिशोब करूनच आपटतो. (बेदाण्याच्या अडतीवर दिवसभर हिशोबालाच बसतो, सवय जात नाही.)

झालं असं की टेकन ८ ह्या मारामारीच्या गेममध्ये दोन महिने घासून घासून मी एलिमिनेटरवरनं गार्यूला पोचलो होतो. ही रँकची नावं आहेत, आणि गार्यू म्हणजे काय फार मोठं शिखर नाही, त्याच्या वर डझनाच्या वर पायऱ्या आहेत, पण माझ्यासाठी तेच शिखर होतं. आणि त्या रात्री किंग नावाचा गडी घेऊन खेळणाऱ्या एकानं मला परत खाली आणलं. रँकमध्ये एका बैठकीत एकाच माणसाशी जास्तीत जास्त तीन मॅच होतात, पण आपल्याकडं रात्री त्या लेव्हलला खेळणारी टाळकीच मोजकी, त्यामुळं फिरून फिरून तोच भेटायचा. तीनदा भेटला. तिन्हीदा दोन-शून्य. सहा मॅच सरळ, आणि सहाच्या सहा मॅच त्यानं मला धरून आपटून जिंकल्या. किंग म्हणजे जग्वारचा मुखवटा घातलेला मेक्सिकन पैलवान, त्याचं कामच धरायचं आणि आपटायचं. जायंट स्विंग म्हणून त्याची एक पकड आहे, पाय धरून गरागरा फिरवतो आणि फेकून देतो, आणि फेकल्यावर लाइफ किती गेली ते बघायला नको वाटतं.

हरण्याचं तसं काय वाटत नाही हो. लहानपणी सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तिथं रुपयाचं कॉइन टाकून केओएफ ९७ (किंग ऑफ फायटर्स) खेळायचो आणि मुस्तफा खेळायचो (त्याचं खरं नाव वेगळंच आहे हे मला कॉलेजला गेल्यावर कळलं), नंतर तिथंच एक टीव्ही आणि प्लेस्टेशन आला, त्यावर टेकन ३. तिथं मी रोज हरायचो. जो जिंकंल तो बसून राहायचा आणि हरला तो उठायचा, नियम सोपा. त्यातला एडी नावाचा गडी घेऊन नुसती बटणं बडवणाऱ्या पोरानं पण मला उठवलंय. पण तिथं ज्यानं हरवलं तो शेजारी असायचा, त्याच्या खांद्याला खांदा लागायचा, 'लगा, कसं केलास ते' विचारलं तर शिव्या देत देत का होईना दाखवायचा. आता हरवणारा कोण, कुठला, काय माहीत नाही. एक नाव दिसतं, त्यावरनं देशाचा अंदाज लावायचा तेवढाच. मॅच संपली की गायब. राग धरायचा कुणावर हाच प्रश्न, म्हणून मग माणूस नेटवर धरतो.

मी पण नेटवरच धरला. सहा महिने मी सगळ्यांना सांगत होतो की मी बरा खेळतो पण लॅग आहे, म्हणजे नेट मागं पडतं. आता ह्यात थोडं तथ्य पण आहे, टेकन सेकंदाला ६० फ्रेमवर, म्हणजे ६० चित्रांवर चालतो, सगळ्यात फास्ट पंच १० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा, त्यात नेटचा उशीर घुसला तर मजा जातेच. हल्लीच्या गेममध्ये रोलबॅक असतं, म्हणजे समोरच्यानं दाबलेलं बटण तुमच्यापर्यंत यायला उशीर झाला तर गेम थांबून बसत नाही, अंदाजानं पुढं चालू ठेवतो आणि खरं बटण पोचल्यावर अंदाज चुकला असंल तर मागं जाऊन दुरुस्त करतो. चांगल्या नेटवर कळत पण नाही. वाईट नेटवर समोरचा माणूस इथनं तिथं उडी मारल्यासारखा दिसतो.

आता गंमत ऐका. मॅच स्वीकारायच्या आधी समोरचा केबलवर आहे का वायफायवर ते दिसतं. वायफायवाला दिसला की मी नाकारायचो, वर मनातल्या मनात शिव्या, काय ही लोकं, साधी केबल लावता येत नाही. आणि मी स्वतः वायफायवर! राउटर हॉलमध्ये गणपतीच्या फोटोखाली, मी आतल्या खोलीत, मधे गावभागातल्या जुन्या घराची दीड फुटी भिंत. दिवाळीत एकदाची वीस मीटर केबल आणली, स्वयंपाकघरातनं उंबऱ्याच्या कडेनं ओढली, आई दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा म्हणाली की आता मी पडले तर तुझा गेम मी खेळते. मग खिळे मारून वरनं घेतली. लॅग गेला, एकदम लोण्यासारखं चालायला लागलं. मी मात्र हरायचा राहिलो नाही. उलट आता सांगायला कारण पण शिल्लक नाही.

मोटिव्हेशनचे व्हिडिओ पण लय बघितले. २००४ ची ती जपानी खेळाडू डायगोची क्लिप सगळ्यांनी बघितलेली असतीय, स्ट्रीट फायटर थर्ड स्ट्राइक, लाइफ नावाला उरलेली, समोरून चुन-ली नावाच्या बाईचा पंधरा फटक्यांचा सुपर डाव, आणि हा पठ्ठ्या एकेक फटका पॅरी करत, म्हणजे ऐनवेळी परतवत, वर फिरून तिलाच मारतो. मी शंभरवेळा तरी बघितली असंल. अंगावर काटा येतो आणि दहा मिनिटांनी मी परत त्याच पकडीत सापडतो. दुसऱ्यानं केलेलं बघून आपले हात शिकत नाहीत, हे माझं स्पष्ट मत झालंय.

पाकिस्तानचा टेकन खेळाडू अर्सलान अॅशची गोष्ट मात्र जरा वेगळी, कारण ती माझ्या डोक्यात महापुराला चिकटून बसलीय. ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलं. आम्ही गावभागातनं निघून चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या घरी बुधगावला. दोन खोल्यांत चौदा माणसं, मोबाईल चार्जिंगला नंबर, नेट आलं तर आलं. त्यातच कधीतरी पाच मिनिटं नेट आलं आणि आमच्या जुन्या दुकानातल्या पोरांच्या ग्रुपवर क्लिप पडली, लाहोरचा पोरगा लास व्हेगासला इव्हो, म्हणजे मारामारीच्या गेमची मोठी स्पर्धा, जिंकला, फायनलला कोरियाच्या 'नी' नावाच्या खेळाडूला हरवून. त्याच वर्षी फेब्रुवारीत जपानचं इव्हो पण त्यानंच मारलेलं, तिथं तर व्हिसा आणि विमानाच्या भानगडीत अडकत अडकत कसाबसा पोचला होता. आणि जिंकल्यावर म्हणाला काय, की माझ्यासारखे आमच्याकडं अजून लय जण आहेत. मला तेच भारी वाटलं. तिकडची पोरं एकमेकांशेजारी बसून, एकमेकांचा मार खाऊन तयार झालेली. जे आमच्या बोळात होतं ते तिकडं टिकलं, आमचं बंद पडून तिथं मोबाईल रिचार्ज आला. पाणी उतरल्यावर घरी गेलो तर माझा जुना पीएस टू गाळात. पाण्यानं धुऊन उन्हात ठेवला होता, येडाच की मी. त्यानंतर टेकनचं नाव काढलं नाही ते थेट २०२४ च्या जानेवारीत आठवा भाग आल्यावर.

तर परत त्या रात्रीवर. तात्या तेव्हा आमच्याकडंच होते, मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्याचं, काळा गॉगल लावून हॉलमध्ये झोपायचे. तात्या तरुणपणी तालमीतले. हिंदकेसरी मारुती मानेंचं कवठेपिरान म्हणजे त्यांच्या आजोळाच्या शेजारचं गाव, लहानपणी तिथल्या मैदानाला चालत जायचे हे आम्ही जेवताना निदान चाळीस वेळा ऐकलंय. कंट्रोलर आपटल्याचा आवाज ऐकून उठून आले.

"काय रं, काय पडलं?"

"काय नाही तात्या, हरलो."

"कुणासंग?"

"माहीत नाही. सौदीचा हाय कोणतरी."

"आस्सं. पडलास कसा?"

"अहो लय चीप खेळतोय तो. नुसता धरतोच. दुसरं काय येतच नाय त्याला."

"ते त्याचं झालं. तू पडलास कसा ते सांग की."

आणि मला सांगताच येईना. म्हणजे सहा मॅच हरलेला माणूस मी, पण नेमकं काय झालं ते वाक्यात मांडता येईना. धरलं, आपटलं. कधी धरलं, मी तेव्हा काय करत होतो, उभा होतो का बसलेलो, काय आठवत नाही, फक्त चिडलेलो तेवढं आठवतं.

तात्या बाजूला खुर्ची ओढून बसले. म्हणाले आमचा वस्ताद पडल्यावर मारायचा नाय, परत पाडायचा. ज्या डावानं पडलास त्याच डावानं परत, धा-पंधरा दा, जवर त्याचा हात कुठनं येतोय ते तुझ्या अंगाला कळत नाय तवर. मी मनात म्हटलं आता तालमीचं सुरू झालं, झोप गेली. पण मग लक्षात आलं की गेममध्ये हेच आहे की! टेकन ८ च्या रिप्लेमध्ये मॅच मधेच थांबवून आपला माणूस परत आपल्या हातात घेता येतो, तिथंच, त्याच जागेवरनं, आणि इथं तू हे मारू शकला असतास असं गेम वर लिहून पण दाखवतो. दीड वर्ष झालं गेम घेऊन, मी ते एकदा पण उघडलं नव्हतं. हरलेली मॅच परत कोण बघंल.

लावला रिप्ले.

"हे वाघाचं तोंड लावलंय ते कोण?"

"किंग. मेक्सिकोचा पैलवान हाय."

"पैलवान आन् तोंड झाकून? बरं. चालव."

आणि मग ह्या माणसानं, एका डोळ्यानं, काळ्या गॉगलमधनं, टेकन म्हणजे काय हे माहीत नसताना, पाच मिनिटांत म्हटलं, "हे बघ, आता डावा हात आला. आता परत डावा. आता बघ, दोन्ही." मी रिप्ले मागं घेतला. खरंच. टेकनमध्ये पकड सोडवायचा नियमच तो आहे, डावा हात पुढं आला तर डावा पंच दाबायचा, उजवा आला तर उजवा, दोन्ही आले तर दोन्ही एकदम. हा नियम मला पाठ होता, विचारला असता तर घडाघडा सांगितला असता. पण मॅचमध्ये मी बघत कुठं होतो? माझ्याच माणसाकडं. माझा माणूस काय करतोय, माझी लाइफ किती राहिली, माझा कॉम्बो, म्हणजे सलग फटके, कधी लागतोय. समोरच्याकडं मी सहा मॅचमध्ये एकदा पण बघितलं नव्हतं.

"स्वतःचं पाय बघत कुस्ती करतंय येडं," तात्या म्हणाले आणि झोपायला गेले.

पुढचे दिवस कंटाळवाणे आहेत, लिहिण्यासारखं फार नाही. प्रॅक्टिस मोडमध्ये समोर किंग उभा करायचा, त्याच्यात तीन पकडी रेकॉर्ड करून ठेवायच्या आणि कुठली येईल ते त्याच्यावर सोडायचं. सोडवायला वेळ मिळतो सेकंदाचा तिसरा हिस्सा, काही पकडींना तेवढा पण नाही. रोज शंभर, जेवण झाल्यावर. अडतीवरच्या जुन्या वहीत रेघा मारायचो, चार उभ्या एक आडवी, बेदाण्याचे बॉक्स मोजतो तसं. पहिल्या दिवशी शंभरात सतरा. म्हणजे डोळे मिटून एकच बटण दाबलं असतं तर जास्त सुटल्या असत्या! त्यात अजून एक घोळ, समोरच्याचा डावा हात स्क्रीनवर कधी इकडं दिसतो कधी तिकडं, आपण कुठल्या बाजूला उभे आहोत त्यावर. चौथ्या दिवशी एकवीस. त्या दिवशी वही फेकली, गेम विकायची जाहिरात पण लिहून काढली, फोटो काढायचा कंटाळा आला म्हणून टाकली नाही. नवव्या दिवशी काय झालं माहीत नाही, एकदम चव्वेचाळीस. हात दिसायला लागला. म्हणजे मी बघतोय असं नाही, दिसतोय. अकराव्या दिवशी अठ्ठावन्न.

रँक ह्या दरम्यान अजून एक खाली गेला, कारण मॅचमध्ये मी नुसता पकडीची वाट बघत उभा राहायचो आणि लोक मला साध्या लाथा घालून जायचे. पण खरं सांगतो, आपटावंसं वाटलं नाही. चिडचिड होते, नाही असं नाही, आई अजून बाहेरनं ओरडते की गेममधल्या माणसाला शिव्या दिल्या तर त्याला ऐकू जात नाहीत. फक्त आता कशानं हरलो ते सांगता येतं, आणि सांगता आलं की निम्मा राग बोलण्यातच संपतो.

काल तो सौदीवाला परत भेटला. नाव बघूनच ओळखला. पहिल्या राउंडला त्यानं जायंट स्विंग टाकला, माझा डावा पंच आपोआप गेला आणि त्याचे हात झटकले गेले. मी खुर्चीतनं उठलोच. दुसरी पकड आली, ती पण सुटली. मग हा गडी थांबला. दोन सेकंद मागं मागं सरकला, आणि त्यानंतर पूर्ण सेटमध्ये त्यानं मला एकदा पण धरलं नाही. खालनं लाथा घातल्या नुसत्या. दोन-एक नं हरलो, शेवटचा राउंड तर अगदी केसाच्या अंतरानं.

तात्या आता बुधगावला परत गेलेत, दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात आहे. सकाळी अडतीवर निघताना फोन आला, आधी आईची चौकशी, मग द्राक्षाच्या दराची, आणि मग, "काय रं, त्यो वाघ भेटला का?"

"भेटला. दोनदा सुटलो तात्या."

"मग?"

"मग लाथेनं पडलो."

"कुठल्या पायानं?"

तेवढं बघायचं राहिलं होतं. संध्याकाळी घरी आल्या आल्या डबा पण धुवायला टाकला नाही, रिप्ले लावलाय.