गाडी माणसावरून काढताना

बडोद्याच्या दक्षिणेला राष्ट्रीय महामार्ग 48 वर जांबुवा नदीचा पूल आहे. महामार्ग रुंद आणि पूल अरुंद, त्यामुळे तेथे वाहनांची रांग लागते आणि रात्री भरधाव येणाऱ्या चालकाला त्या रांगेचे शेवटचे टोक फार उशिरा दिसते. अग्निशमन सेवेत रात्रीच्या अपघातांचे जे कॉल मी पाहिले, त्यांतले बरेचसे असेच, उभ्या वाहनावर मागून आदळलेल्या वाहनांचे होते. मागच्या हिवाळ्यातला एक कॉल मात्र तपशिलाने लिहून ठेवावासा वाटतो, कारण अडकलेल्या माणसाला सोडवणे म्हणजे त्याला ओढून काढणे, हा सर्वत्र असलेला समज त्या रात्री एका चालकाचा पाय घेऊन गेला असता.

रात्री दोनच्या सुमारास आम्ही पोहोचलो. नाशिककडून अहमदाबादला कांदा घेऊन निघालेला आयशर टेम्पो उभ्या ट्रेलरच्या मागच्या भागात घुसला होता. ट्रेलरचे मागचे दिवे चिखलाने इतके माखले होते की बॅटरीचा झोत जवळून टाकल्यावरच ते लाल आहेत हे कळत होते. क्लीनर डावीकडच्या दाराने बाहेर पडला होता. चालक मात्र आसन आणि आत दबलेला डॅशबोर्ड यांच्यामध्ये कमरेपासून खाली अडकला होता आणि दोन माणसे त्याला काखेत धरून ओढत होती. त्यांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. मी ओरडलो, “खेंचशो नहीं!” आणि त्यांतल्या एकाला, ओढण्याऐवजी मागून चालकाचे डोके दोन्ही हातांनी सरळ, स्थिर धरून ठेवायला सांगितले. मानेला आधार देणारा गळपट्टा लावला जाईपर्यंत त्या तरुणाने ते काम फार मन लावून केले.

आमची गाडी आम्ही मागच्या बाजूला लेनमध्ये तिरकी उभी केली, म्हणजे मागून कोणी आदळलेच तर आमच्या गाडीवर आदळावे, काम करणाऱ्यांवर नव्हे. रस्त्यावर डिझेल सांडले होते, म्हणून पाण्याची होज भरून तयार ठेवली, चावी बंद केली आणि बॅटरीची वायर काढली. चाकांना लाकडी ठोकळे लावले. अशा गाड्यांची केबिन पुढे कलती होणारी असते आणि धडकेत तिचा लॉक तुटलेला असू शकतो, म्हणून केबिन पट्ट्याने चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, आवळून बांधली. बघणाऱ्यांना हा सगळा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, आणि तसे ते मोठ्याने म्हणतही होते. तेवढ्यात एक क्रेनवाला पुढे आला. हूक लावून टेम्पो मागे खेचला की दोन मिनिटांत माणूस मोकळा होईल, असे त्याचे म्हणणे होते आणि गर्दीलाही ते पटले होते. मी ठाम नकार दिला. क्रेनचा झटका कुठे थांबेल हे कोणाच्या हातात नसते, आणि पत्रा ज्या बाजूने सुटतो त्याच बाजूने तो आधी आणखी आवळतोही.

मी उजव्या दाराशी वाकलो. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात, मराठी वस्तीत वाढलेला, नंबरप्लेट पाहून सरळ मराठीतच बोललो, “काका, हलू नका. मी इथंच आहे.”

“तुम्ही मराठी?” ते म्हणाले. मग लगेच, “पोऱ्या कुठंय? भाचा आहे माझा.”

“बाहेर आहे, हात दुखावलाय, पण चालतोय.” भाच्याला त्यांना दिसेल असा समोर उभा केला. त्यानंतर त्यांचा श्वास जरा संथ झाला.

काकांच्या अंगावर जाड ब्लँकेट टाकून आम्ही स्प्रेडरने, म्हणजे पत्रा फाकवणाऱ्या यंत्राने, दार उघडले, कटरने समोरच्या काचेशेजारच्या खांबाच्या तळाशी चीर दिली आणि रॅम, म्हणजे ढकलणारा यांत्रिक दांडा, लावून डॅशबोर्ड पुढे ढकलू लागलो. थोडे ढकलायचे, खाली ठोकळा सरकवायचा, यंत्र बंद करून काकांना विचारायचे, मग पुन्हा थोडे ढकलायचे. यंत्राच्या आवाजात माणसाचे कण्हणे ऐकू येत नाही, म्हणून ते मुद्दाम बंद करावे लागते. मधल्या वेळात 108 रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्याने सलाईन सुरू केले होते. दाबामुळे थांबलेला रक्तस्राव पाय मोकळा होताच सुरू होऊ शकतो आणि रक्तदाब कोसळतो. दाब कित्येक तासांचा असेल, तर चिरडलेल्या स्नायूंतले पोटॅशियम रक्तात मिसळून हृदय बंद पडण्याचीही भीती असते. तेव्हा सोडवण्याचा क्षण डॉक्टरी माणसाने ठरवायचा, आम्ही नाही.

डावा पाय सुटला. उजवा ब्रेकच्या पेडलखाली घोट्यापाशी वळून बसला होता. तिथे रॅम पोहोचत नव्हता. मी आडवा होऊन हात घातला, तेव्हा लक्षात आले की पाय नव्हे, बुटाची टाच अडकली आहे. कात्रीने नाडी कापली, बूट मागून चिरला आणि पाऊल त्यातून हलकेच बाहेर आले. ओढाओढ चालू राहिली असती, तर तो घोटा पेडलमध्येच पिळला गेला असता. म्हणूनच आमच्या प्रशिक्षणात, माणसावरून गाडी काढायची, गाडीतून माणूस नव्हे, हे पुन्हा पुन्हा घोकून घेतात.

स्ट्रेचरवर काकांना चिंता होती खर्चाची. अपघातग्रस्तांसाठी 2025 मध्ये केंद्राची योजना आली असून ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होतात, हे मी त्यांना आणि भाच्यालाही सांगितले. डोके धरून बसलेला तो तरुण मात्र पोलिसांची गाडी दिसताच निघू लागला. त्याला थांबवून सांगितले की मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 134 अ आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. ही गोष्ट प्रत्येक ढाब्यावर आणि टोलनाक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेली असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

पुढच्या आठवड्यात मी सयाजी रुग्णालयात जाऊन आलो. काकांच्या नडगीचे हाड मोडले होते, शस्त्रक्रिया झाली होती. पावलाचा रक्तपुरवठा मात्र शाबूत होता आणि बोटे हलत होती. भाचा हाताला प्लास्टर घालून शेजारी बसला होता आणि ट्रेलरच्या दिव्यांबद्दल जबाब कसा लिहून द्यायचा, हे मला विचारत होता.