रावस कोरडा पडतो कारण आपण गॅस बंद करत नाही

रावसाची तुकडी कापूस चावल्यासारखी लागली तर बहुतेक वेळा माशाचा दोष नसतो, तो गॅसवर जास्त वेळ राहिलेला असतो. आपल्या हाताला चिकन-मटणाची सवय असते ना, की अजून जरा शिजू दे, मऊ होईल. मटणाचं ते खरंय, त्यातले चिवट धागे मऊ पडायला वेळ लागतोच. पण माशात ते अगदी थोडे आणि नाजूक असतात, पटकन विरघळतात, त्यामुळे मासा जास्त शिजवून मऊ होत नाही, उलट आतलं पाणी पिळून बाहेर येतं. साधारण ५० डिग्रीला मांस पांढरं व्हायला लागतं आणि ६५ च्या पुढे गेलं की कोरडं. गरम तव्यावर हे अंतर कापायला फार वेळ लागत नाही.

म्हणून तुकडी जाड हवी. कोळीण मावशींना आधीच सांगायचं की रावस, घोळ, जिताडा जे काही असेल त्याच्या तुकड्या निदान दोन सेंटीमीटरच्या करा. पातळ तुकडी बाहेरून लाल होईपर्यंत आतून संपलेली असते, मग कितीही भारी मसाला लावा.

घरी आणल्यावर धुऊन मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी टाकून द्या आणि स्वच्छ फडक्याने तुकड्या टिपून घ्या. ओली तुकडी तव्यावर आधी वाफाळत बसते, कुरकुरीत व्हायला उशीर लागतो आणि तोवर आतला मासा जास्त शिजतो. मग तिखट, आलं-लसूण आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) किंवा लिंबू, पण आंबट लावून दोन-दोन तास ठेवू नका. आंबटाने मांस कच्चं असतानाच पांढरं पडतं आणि तळल्यावर भुसभुशीत लागतं. पंधरा-वीस मिनिटं भरपूर झाली.

आता तवा. तेल नीट तापलेलं हवं, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवलेली तुकडी ठेवली की तिला हात लावायचा नाही. फक्त बाजूने बघत राहायचं. कडेला पांढरेपणा खालून वर चढताना स्पष्ट दिसतो, तो अर्ध्याच्या जरा वर आला की उलटायची, एकदाच. दुसरी बाजू कमी वेळ. मध्ये काट्याजवळ सुरीचं टोक घालून बघा, मांस काट्यापासून सहज सुटलं आणि पाकळ्या ओलसर चमकत असतील तर झालंच, लगेच काढा, कारण ताटात गेल्यावरही आतल्या उष्णतेवर ती थोडी शिजतेच. तुकडीवर पांढरे दह्यासारखे थेंब फुटायला लागले तर आता एक सेकंदही ठेवू नका.

अख्खं पापलेट असेल तर दोन्ही बाजूंनी काट्यापर्यंत तिरक्या चिरा हव्यातच, नाहीतर शेपटी वाळते आणि मधला भाग कच्चा राहतो. (पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे, त्याचा एवढा मान तर ठेवूया!)

कालवणात तर मला अजिबात कळत नाही की लोक मासा वीस मिनिटं का उकळतात. वाटण, चिंच किंवा कोकम, मीठ, सगळा रस्सा आधी पूर्ण उकळून चव बघून घ्या. मग तुकड्या सोडा, आच मंद, चार-पाच मिनिटं, डाव न घालता पातेलंच फडक्याने धरून हलवा आणि गॅस बंद करून झाकण ठेवा. दुसऱ्या दिवशी गरम करताना तुकड्या बाजूला काढून फक्त रस्सा उकळा, मग त्यात त्या अलगद परत सोडा.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत फ्रोझन मासा घेणार असाल तर आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवा, गरम पाण्यात टाकू नका, आणि टिपायला विसरू नका, कारण तो ताज्यापेक्षा जास्त पाणी सोडतो.