तव्याचा डाग आणि न वाळणारं पॉलिश

आजोबांच्या सागवानी टेबलावर मी भाकरीचा तवा ठेवला, तोही ओल्या फडक्यावर. फडकं होतं तेवढ्या भागात वाफेने पांढरा डाग पडला आणि फडक्याबाहेर तव्याची कड टेकली तिथे काळी चंद्रकोर उमटली. आजोबांनी त्याच टेबलावर मला पाढे शिकवले होते. रडूच आलं.

पांढरा डाग तासाभरात गेला. सुती कापडाची चार पदरी घडी घालायची, इस्त्री कमीत कमी तापवायची, वाफ बंद ठेवायची, सात-आठ सेकंद टेकवून लगेच उचलून बघायचं. पॉलिशच्या थरात ओल अडकल्यामुळे ते पांढरं दिसतं. काळा डाग इस्त्रीने हलणार नव्हता, कारण तिथे लाकूडच करपलं होतं. मग आधी 120, पुढे 180 आणि शेवटी 320 नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने सगळा पृष्ठभाग घासला. नुसता डाग घासला तर तिथे खड्डा पडतो. यात दोन रविवार गेले, पण काम छान झालं. (तुमचं टेबल व्हिनियरचं, म्हणजे वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं असेल तर एवढं घासू नका, खालची प्लाय उघडी पडेल.)

मग मी पेठेतल्या एका दुकानातून तयार फ्रेंच पॉलिशची, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याची (लाखेची) बाटली आणली. त्या बाटलीचा राग अजून गेलेला नाही.

पहिला हात दिला, तासाने बोट लावलं तर चिकट. दुसऱ्या दिवशीही चिकट. दुकानदार म्हणाले, "ताई, पावसाळा आहे, थांबा." आठ दिवस थांबले. पंखा लावून ठेवला. पुन्हा गेले तर म्हणाले, "हात जाड झाला असेल." पंधराव्या दिवशी वर वर्तमानपत्र पडलं आणि त्याची अक्षरं टेबलाला चिकटली. आम्ही तीन आठवडे जमिनीवर बसून जेवत होतो आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे ताट मांडीवर घ्यावं लागत होतं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी शेजारच्यांच्या दाराला पॉलिश करायला आलेल्या काकांना घरी बोलावलं. त्यांनी बाटलीतले दोन थेंब काचेच्या तुकड्यावर टाकले आणि म्हणाले, "संध्याकाळी बघा." संध्याकाळी ते थेंब नखाने दबत होते. "माल जुना आहे. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा फार दिवस पडून राहिला की मग वाळतच नाही. पावसाने पॉलिश पांढुरकं पडतं, असं चिकट राहत नाही." तीन आठवडे मी पावसाला दोष देत होते! बाटलीवर तारीख शोधली तर तिथे किमतीचं लेबल चिकटवलेलं होतं.

चिकट थर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढला. मग सुटा चपडा आणला, काचेच्या बरणीत लिटरभर स्पिरिटमध्ये 200 ग्रॅम टाकून रात्रभर ठेवला, सकाळी मलमलने गाळला. हे करताना खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस, उदबत्ती काहीही पेटतं ठेवू नका, स्पिरिट लगेच पेट घेतं. कापसाचा बोळा मलमलमध्ये गुंडाळून पातळ हात द्यायचे, मध्येच बोळा थांबवायचा नाही. कोरडं ऊन पडलेल्या दिवशी पहिला हात दिला आणि चहा होईस्तोवर तो वाळला! मी दोनदा बोट लावून बघितलं.

आधी सांगायला हवं होतं: तयार पॉलिश घेतलंच, तर काचेवर थेंब टाकून बघितल्याशिवाय टेबलाला लावू नका. आणि चपड्याचं पॉलिश उष्णता सोसत नाही, म्हणून आता अडणी कायम टेबलावरच असते.

चंद्रकोरीच्या जागी लाकूड किंचित गडद दिसतं, तेही उजेड तिरका पडला तरच. काल सासूबाई तिथेच खुर्चीवर बसून जेवल्या.