तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रकवर इस्त्रीचा शर्ट कशाला?

ढाब्यावर शेजारच्या खाटेवरचा माणूस आधी विचारतो, "गाडी टाटा का लेलँड?" मी तोंड उघडायच्या आत त्याची नजर माझ्या शर्टाच्या कॉलरवर जाते आणि दुसरा प्रश्न येतो, "ड्रायव्हरकी करताय आणि इस्त्री कशाला?" लग्नात पाहुणे हेच विचारतात, लोडिंगच्या लायनीत उभी राहणारी नवी पोरं हेच विचारतात. माझा मेहुणा तर दर दिवाळीला विचारतो. बूट, रोजची दाढी, आकाशी शर्ट. साहेब झालास का, कुणाला दाखवायचंय, वगैरे. आजवर मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. आज खरं ते सांगतो.

आधी गाडीचं. गाडी ड्रायव्हर घेत नाही, मालक घेतो. मालक अ‍ॅव्हरेज बघतो, हप्ता बघतो, उद्या विकताना काय येईल ते बघतो. तरी विचारताच म्हणून सांगतो. टाटाचा पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी मेकॅनिकला झोपेतून उठवून मिळतो, ही लहान गोष्ट नाही. आणि भरलेली लेलँड खंबाटकी घाटाचा चढ ज्या दमाने ओढते, तिच्यावर माझा जीव आहे. आमचे थोरले चुलते टाटाला शेवटपर्यंत 'बेंझ'च म्हणायचे, कारण १९५४ पासून १९६९ पर्यंत त्या गाड्या जर्मनीच्या डेमलर-बेंझशी केलेल्या करारातून बनायच्या आणि तोंडावर तीन टोकांचा तारा असायचा. अशी माया नावावर बसते, ती वाद घालून सुटत नाही. मी तो वाद सोडला. मी केबिन बघतो.

कारण तुमचे दोन्ही प्रश्न केबिनमध्येच एकत्र येतात. मी शिकलो त्या गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, तेवढी कंपनीची होती, केबिन बॉडीवाल्याने लाकूड-पत्र्यात बांधलेली. इंजिन ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध, बॉनेटखाली. वैशाखात सोलापूर रोडला त्या बॉनेटवर हात टेकवत नाही. डावी मांडी भाजून निघते, पॅन्ट घामाने चिकटते, क्लच दाबताना गुडघ्याला ओढते. तिथे लुंगी आणि बनियन हाच शहाणपणाचा पोशाख. २०१९ साली उत्तर प्रदेशात लुंगी घालून ट्रक चालवणाऱ्यांना दोन हजारांचा दंड लावायला लागले, तेव्हा मी इस्त्रीच्या शर्टात बसून ती बातमी वाचली आणि मला राग आला. ज्याने ती केबिन दिली त्याला दंड नाही, तिच्यात बसणाऱ्याला आहे.

मग मी स्वतः शर्ट का घालतो? आता तात्यांचं सांगावं लागेल.

तात्या आमच्या माण तालुक्यातलेच. माझे वस्ताद. गिअर कानाने कसा ओळखायचा, ताडपत्रीची गाठ कशी मारायची, वजनकाट्यावर कुणाशी कसं बोलायचं, सगळं त्यांच्याकडून. पूर्वी प्यायचे. पोराच्या डोक्यावर हात ठेवून सोडली, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. मधल्या काळात शुगर निघाली होती, सकाळी गोळी असायची.

२००९ चा मे महिना. चाकणच्या पट्ट्यात एका कंपनीच्या गेटवर आमची लेलँडची दहाचाकी पहाटेपासून लायनीत उभी. माझं हेवी लायसन्स नवं होतं, वय तेवीस. तात्यांनी पहाटे चहाबरोबर गोळी घेतली आणि नाष्ट्याला गेले नाहीत, कारण नंबर कधीही पुकारतील आणि आपण जागेवर नसलो की गाडी मागे टाकतात. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. साडेदहाच्या सुमाराला ते बिल्टी, म्हणजे मालाचा कागद, घेऊन गेटवर गेले आणि तिथे मला त्यांचा आवाज चढलेला ऐकू आला. मी धावत गेलो. तात्या गार्डला आईवरून शिवी देत होते. जिभेवर शब्द अडखळत होता. बनियन घामाने भिजून अंगाला चिकटलेली, लुंगी एका बाजूने सुटलेली, पाय वाकडे पडत होते. गार्ड म्हणाला, "सकाळीच लावून आलाय. याला बाजूला घे, नाहीतर गाडी ब्लॅकलिस्टला टाकतो."

मी गार्डला हात जोडले. तात्यांना दंडाला धरून ओढत गाडीकडे आणलं, आणि वाटेत त्यांना बोललो. काय बोललो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "तात्या, पोराच्या डोक्यावर हात ठेवला होता ना तुम्ही?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले, शब्द आला नाही. मी त्यांना केबिनमध्ये चढवलं, मागच्या फळीवर निजवलं, तोंडावर पाणी मारलं आणि दार लावून घेतलं. उतरेल म्हटलं. बाहेर लिंबाच्या सावलीत जाऊन बसलो. लाज वाटत होती. त्यांची.

पाऊण तासाने मागच्या गाडीचा क्लीनर ओरडत आला. तात्यांना झटके येत होते, दात बसले होते.

एका टेम्पोत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथेही तेच झालं. काउंटरवरच्या माणसाने लुंगीकडे बघून विचारलं, "ट्रकवाला? किती प्यायलाय?" आणि केसपेपरवर माझ्यादेखत 'दारू' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. बाकावर ठेवलं. एक सिस्टर जाता जाता थांबल्या, कपाळाला हात लावला, घाम बघितला आणि बोटाला सुई टोचली. साखर चौतीस, म्हणजे जिवावर बेतण्याइतकी खाली. पुढचं फार भराभर झालं. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि पाच-दहा मिनिटांत तात्यांनी डोळे उघडले.

थोड्या वेळाने ओळख पटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि हळू आवाजात एवढंच म्हणाले, "तू तोंडाचा वास तरी घ्यायचास."

पुढच्या आठवड्यात मी दोन शर्ट शिवून घेतले.

इतकी वर्षं मी स्वतःला असं समजावलं की ते अंगावरच्या कपड्यामुळे झालं. तात्या शर्ट-पॅन्टमध्ये असते तर गार्डने खुर्ची दिली असती, दवाखान्यात आधी सुई टोचली असती, मग प्रश्न विचारले असते. हे खोटं नाही. मी शर्ट घालायला लागल्यापासून गेटवर 'ए ड्रायव्हर'चं 'अहो' झालंय. एकदा कात्रजजवळ कार मागून येऊन आदळली, तर पोलिसांनी आधी माझं ऐकून घेतलं. म्हणून नव्या पोरांना मी सांगायचो: कपडे नीट घाला, माणूस म्हणून बघतील. जोरात सांगायचो.

पण गार्ड तात्यांना ओळखत नव्हता. काउंटरवरचा माणूस ओळखत नव्हता. मी ओळखत होतो. मी चार वर्षं त्यांच्या ताटात जेवलो होतो, गोळ्यांची पाकिटं मीच मेडिकलमधून आणायचो. मग मला काय दिसलं? मलाही लुंगी आणि तोल जाणारा ट्रकवालाच दिसला. तात्यांनी सूट घातला असता तरी मी वेगळं काही केलं असतं का, याचं उत्तर मला देता येत नाही. म्हणून अलीकडे पोरांना सांगायचं बंद केलंय. स्वतः मात्र घालतो. शर्ट काढून बनियनवर स्टेअरिंगला बसायचं म्हटलं तर हात धजत नाही.

तुम्ही म्हणाल, आता काय, आता केबिन बदलली. बदलली, मान्य आहे. २०१२ साली भारतबेंझच्या गाड्या आल्या, टाटा-लेलँडनेही पुढे झुकणारी केबिन, चांगली सीट दिली, आणि २०२५ पासून नव्या ट्रकला एसी कायद्यानेच आला. माझ्या आताच्या बाराचाकीत इस्त्री उरणपर्यंत टिकते. पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांतल्या माणसांची डावी मांडी अजून भाजते. त्यांच्या लुंगीकडे बोट दाखवून मला "तुम्ही बघा कसे टापटीप" असं कौतुकाने म्हणू नका. ते कौतुक मला घेववत नाही.

तात्यांनी त्यानंतर लांबची ट्रिप केली नाही. माझ्याबरोबर तर नाहीच. पाच वर्षांपूर्वी गेले. त्यांचा पोरगा, ज्याच्या डोक्यावर हात ठेवला होता तो, आता गाडीवर आहे. टाटाची जुनी दहाचाकी, अंगात बनियन, कमरेला लुंगी. खंबाटकीच्या अलीकडच्या टपरीवर महिन्यातून एकदा तरी भेट होते. शेजारी बसतो, माझा चहा तोच सांगतो, माझ्या चहात साखर कमी टाकायला लावतो. गाडीचं बोलतो, भाड्याचं बोलतो. शर्टाबद्दल त्याने मला आजवर एकदाही विचारलेलं नाही.