स्वादुपिंडाची गाठ रक्तवाहिनीला बिलगलेली असते तेव्हा

गावात कावीळ झाली की पाय आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे वळतात. पण पन्नाशीपुढच्या माणसाचे डोळे पिवळे, शौच पांढुरकी, अंगाला खाज, आणि वजन उतरतंय, असं असेल तर माळ-मुळीत आठवडे घालवू नका. ही स्वादुपिंडाच्या कॅन्सरची लक्षणं असू शकतात. नुकतीच निघालेली शुगर हीसुद्धा त्याची खूण असू शकते.

सोनोग्राफीत पित्तनळी फुगलेली दिसली की पुढचा क्रम महत्त्वाचा: सीटी आधी, स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी) नंतर. स्टेंट टाकताना स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि मग चित्रात गाठीची कड नीट कळत नाही. सीटी 'पॅनक्रियाज प्रोटोकॉल'चीच, म्हणजे स्वादुपिंडासाठी खास पद्धतीनं काढलेलीच मागा, आणि रिपोर्टसोबत सीडीही घ्या. सर्जन चित्रं स्वतः बघतो. थंडी वाजून ताप असेल तर मात्र थांबायचं नाही, आधी पित्त मोकळं करायचं.

यकृतात, पोटात, फुफ्फुसात डाग नाहीत, पण गाठीनं आतड्याला रक्त नेणारी मोठी धमनी अर्ध्यापेक्षा जास्त, म्हणजे 180 अंशांवर वेढली आहे, याला 'लोकली अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणतात. आज ऑपरेशन शक्य नाही, हे ऐकून घरचे 'डॉक्टरांनी हात वर केले' असा अर्थ काढतात आणि इथेच माणूस परत गावी येतो. उपचार खरं तर इथून सुरू होतो.

केमोआधी एंडोस्कोपिक सोनोग्राफीतून सुईनं गाठीचा तुकडा तपासायला घेतात. पित्तासाठी शक्यतो धातूचा स्टेंट. प्लास्टिकचा साधारण तीन महिन्यांत तुंबतो. कावीळ उतरल्यावरच सीए 19-9 चा, म्हणजे या कॅन्सरचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा विश्वासाचा, आणि काहींच्या रक्तात तो बनतच नाही. बीआरसीए या जनुकांच्या तपासणीचंही विचारा. दोष निघाला तर प्लॅटिनमच्या औषधांचा उपयोग जास्त होतो.

अंगात ताकद असेल तर फोलफिरिनॉक्स ही अनेक औषधांची एकत्र केमो: दर 14 दिवसांनी, शेवटचं औषध पंपातून 46 तास. नाहीतर जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल, 28 दिवसांत पहिल्या, आठव्या, पंधराव्या दिवशी. फार थकलेल्याला नुसतं जेमसिटाबिन. फोलफिरिनॉक्समधल्या ऑक्सालिप्लॅटिननंतर काही दिवस थंड गोष्टीनं हातापायांत मुंग्या येतात, घसा आवळल्यासारखा होतो. मे महिन्यातसुद्धा माठाचं पाणी टाळून कोमट प्यायचं. त्यातल्याच इरिनोटेकॅननं जुलाब लागतात. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड किती आणि कधी घ्यायची हे आधीच लिहून घ्या.

सगळ्यात घात करतो तो रात्रीचा ताप. 100.4 फॅरेनहाइट झाला की 'क्रोसिन देऊ, सकाळच्या एसटीनं जाऊ' असं चालत नाही. एकतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, नाहीतर स्टेंट तुंबलेला असतो. दोन्हींत शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात लागतं. रात्री कोणाची गाडी मिळेल हे आधी ठरवून ठेवा, 108 आहेच. घरात थर्मामीटर हवाच.

चार ते सहा महिन्यांनी पुन्हा सीटी. गाठ मेलेली असली तरी धमनीभोवतीचा व्रण चित्रात तसाच दिसतो, म्हणून या टप्प्यावर अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या केंद्राचं मत घ्याच. थोड्या रुग्णांचंच ऑपरेशन होतं, पण विचारायला हवं. रेडिएशननं गाठ जागेवर जास्त काळ आटोक्यात राहते. मात्र 2016 मध्ये छापून आलेल्या एलएपी07 या रुग्णांवरच्या अभ्यासात त्यानं आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. म्हणून ते सरसकट नको, केमोनंतर निवडून.

तेल-तूप बंद करण्याचं पथ्य मला मान्य नाही. शौचावर तेल तरंगत असेल तर स्वादुपिंडातून येणारं, अन्न पचवणारं एन्झाइम कमी पडतंय. त्याच्या 25,000 युनिटच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारून घ्या. जेवणाला दोन लागल्या तर एक पहिल्या घासासोबत, एक निम्म्या भाकरीवर. जेवण झाल्यावर किंवा गरम चहासोबत घेतली तर वाया जाते. टिनाच्या छताखाली ठेवाल तर उन्हाळ्यात तिचा दम जातो. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, हेही रुग्णाला सांगा.

नागपूर, सेवाग्राम, सावंगीला जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, रुग्णालयात महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आधी भेटा.

पाठीत शिरणारं दुखणं सहन करायला लावू नका. मॉर्फिनची गोळी घड्याळाप्रमाणे द्या, पहिल्या दिवसापासून पोट साफ ठेवणारं, बद्धकोष्ठावरचं औषध जोडून. तरी भागलं नाही तर पोटामागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन दुखणं कमी करता येतं, हे विचारा.