पान्हा

बाळ सहा महिन्यांचं झालं, रजा संपली आणि मी ऑफिसला परत जायला लागले. पंपिंगसाठी वेगळी खोली वगैरे प्रकार आमच्याकडे नव्हताच, मग जुन्या फायलींच्या खोलीची चावी मिळाली. आत एक प्लास्टिकची खुर्ची, एक मोडका प्रिंटर आणि दाराला अशी कडी की कोणी जरा जोर लावला तर उघडलीच. पहिल्या दिवशी पंप लावून वीस मिनिटं बसले, पंप आपला घुर्र घुर्र करतोय आणि बाटलीत आलं किती तर तळ ओला होईल एवढं. बरं दूध नाही म्हणावं तर छाती दगडासारखी झालेली, दुखतेय, म्हणजे माल आहे पण यायला तयार नाही. बाहेर कोणाच्या चपला वाजल्या की माझं सगळं लक्ष त्या कडीकडे.

संध्याकाळी मामीला फोन करून रडले. मामी कोल्हापूरजवळच्या गावात, गोठ्यात तीन म्हशी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसलीच. म्हणाली, "अगं, रेडकू न लावताच धार काढाया बसलीस व्हय?"

दुसऱ्या दिवशी पंप सुरू करायच्या आधी मोबाईलवर बाळाचा व्हिडिओ लावला, हसतानाचा नाही, चांगला भोकाड पसरलेला. अर्धं मिनिट काहीच नाही, मग मुंग्या आल्यासारखं झालं, मग आत कोणीतरी पीळ सोडल्यासारखं, आणि धारा लागल्या. पंप एकाच बाजूला होता. दुसऱ्या बाजूचा कुर्ता पार भिजला आणि उरलेला दिवस मी एसीची थंडी वाजतेय असं सांगत ओढणी गुंडाळून काढला.

पण डोक्यात राहिलं ते हेच, की पंप एका बाजूला आणि दूध दोन्हीकडून का? शाळेत चेतासंस्था आणि संप्रेरकं वेगवेगळी पाठ केली होती, एकाला पाच मार्क, दुसऱ्याला पाच मार्क, ती दोघं एकमेकांशी बोलतात हे काही डोक्यात शिरलं नव्हतं. इथे होतं काय, की बाळ ओढायला लागलं की (किंवा नुसतं रडलं तरी) बातमी नसांमधून मेंदूत पोचते, त्याला क्षणभरही लागत नाही. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी लोंबकळत असते, तिच्या मागच्या भागात मेंदूतून आलेल्या नसांची टोकं असतात. आता नस म्हटलं की ती पुढच्या नसेला किंवा स्नायूला निरोप देणार, पण या नसा ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक थेट रक्तात सोडतात. म्हणजे इथवर फोन आणि इथून पुढे पाटाचं पाणी. पाणी एकदा सोडलं की ते वाटेतल्या सगळ्याच वाफ्यांना लागतं, डावा उजवा बघत नाही. दुधाच्या पिशव्यांभोवती बारीक पेशींची जाळी असते, ती आवळली जाते आणि दूध खाली उतरतं. माझं ते अर्धं मिनिट या प्रवासात गेलं.

हे गाईवर करून बघितलेलं आहे. 1941 साली अमेरिकेत ईली आणि पीटरसन या दोन संशोधकांनी कासेच्या एका बाजूच्या नसा कापल्या आणि तरी दूध दोन्ही बाजूंनी उतरलं, म्हणजे शेवटचा निरोप रक्तातूनच येतो. याच दोघांनी पुढे गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि शेजारी कागदी पिशव्या फोडल्या. (त्या मांजराचं काय मत होतं ते कुठे लिहिलेलं नाही.) गाय घाबरली, दूध अडकलं. भीती वाटली की अ‍ॅड्रिनालिन येतं, रक्तवाहिन्या आवळतात, ऑक्सिटोसिन कासेपर्यंत नीट पोचत नाही, आणि मुळात मेंदूच ते सोडायला कमी करतो. माझ्या दाराची कडी म्हणजे ते मांजर.

आणि आपल्याकडे या सगळ्याला एक शब्द आधीपासून आहे, पान्हा. दूध वेगळं, पान्हा वेगळा. दूध असतं, पान्हा फुटावा लागतो. आणि जनावर पान्हा चोरतं सुद्धा. मामीचा सकाळचा कार्यक्रम मी लहानपणी डोळे चोळत बघितलाय, आधी आंबोण पुढ्यात, मग रेडकाचं दावं सोडायचं, ते चारी सडांना ढुशा देणार, तोंडाला फेस आला की मामी त्याला ओढून बाजूला बांधणार, कासेवर पाणी मारणार आणि मग जी सुरू होणार ती मान वर न करता. तेव्हा काही विचारलं तर "गप की" एवढंच उत्तर. आता कळतं की ऑक्सिटोसिन रक्तात जेमतेम काही मिनिटं टिकतं, आणि म्हशीचं तर जवळजवळ सगळं दूध वर पिशव्यांमध्येच असतं, गाईसारखं थोडं खाली साठलेलं नसतं, त्यामुळे पान्हा गेला की धार संपली. रेडकू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीसमोर ठेवायचे, तेही बघितलंय. मला तेव्हा ते भयंकर वाटायचं. माझा मोबाईल दुसरं काय होता म्हणा.

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला गेलो तेव्हा रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. तिथे म्हशी रस्त्यालाच उभ्या, समोर धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात. हॉर्न, गाड्या, पोरांचा गोंधळ, आणि म्हैस निवांत रवंथ करत दूध देतेय, मला फायलींच्या खोलीत जमलं नव्हतं ते. सवय दुसरं काय, बादलीचा आवाज आणि ओळखीचा हात एवढं तिला पुरत असणार. मी कौतुकाने फोटो काढायला मोबाईल वर केला तर गवळ्याने धार न थांबवता नुसता डावा हात वर केला.

"ताई, फ्लॅश बंद करा. चोरंल ती."