राजवाड्यांच्या दफ्तरासाठी धुळ्याला: कागदाची पाठ बघून या

धुळ्यातला पहिला दिवस माझा फुकट गेला, आणि त्यात दुसऱ्या कोणाचा दोष नव्हता. रात्रभर बसमध्ये मान अवघडवून पहाटे उतरलो, चहा घेतला, आंघोळ उरकली आणि इतिहाससंशोधक राजवाड्यांचे कागद सांभाळणाऱ्या राजवाडे संशोधन मंडळाची थेट वाट धरली. आधी फोन करावा हे डोक्यातच आलं नाही. ज्यांनी रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची गाठोडी, काढून द्यायचे ते त्या दिवशी परगावी होते. तेव्हा पहिली सूचना हीच: निदान आठवडाभर आधी फोन करा. 'राजवाड्यांचे कागद बघायचे आहेत' एवढ्याने भागत नाही, कोणत्या विषयाचे आणि कोणत्या काळातले तेही सांगा. ओळखपत्र न्या, आणि महाविद्यालयाचं किंवा एखाद्या जाणत्या माणसाचं पत्र असेल तर तेही. माझ्याकडे पत्र नव्हतं. शेवटी मोडी शिकवणाऱ्या बाईंना फोन लावून दिला, तेव्हा गाडी पुढे सरकली.

ज्यांना नाव नुसतं ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत. पुढे एकूण २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते त्यांच्या आणि खंडेराव मेहेंदळ्यांच्या पुढाकाराने. नंतर तिथे पटेनासं झालं आणि ते धुळ्याला आले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच गेले. त्यांच्या मागे त्यांचा संग्रह आणि अप्रकाशित लेखन सांभाळण्यासाठी भास्कर वामन भट आणि इतर मंडळींनी धुळ्याचं हे राजवाडे मंडळ उभं केलं. खंडांतलं प्रत्येक मूळ पत्र मात्र इथेच मिळेल असं धरून जाऊ नका. राजवाडे घराघरांतून कागद मिळवत हिंडले, त्यामुळे मूळ कागद अनेक ठिकाणी विखुरलेले आहेत. काहींसाठी पुण्याचीच पायरी चढावी लागते.

दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर झालो. दारातच खिशातलं शाईचं पेन काढून ठेवावं लागलं, आणि बरंच झालं, कारण रात्रीतून ते गळून खिशाला निळा डाग पडला होता. कागदाजवळ फक्त पेन्सिल न्यायची. सोबत खोडरबर, बिनरेघी वही आणि साधं भिंग. हातमोजे लागतील म्हणून मी विकत घेऊन गेलो होतो, पण मोज्यात बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि जीर्ण कडा अडकून फाटते. हात स्वच्छ धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, तेल-क्रीम काही लावायचं नाही. शिंक आली तर तोंड बाजूला. हसू नका, माझ्यावर वेळ आली होती.

रुमाल म्हणजे ज्यात कागद बांधून ठेवतात ते चौकोनी फडकं, आणि त्यावरून त्या गाठोड्यालाही रुमालच म्हणतात. तो सोडण्याचीही एक रीत आहे. गाठ सोडायची, चारही टोकं बाहेर पसरायची आणि कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने उलटे रचत जायचं, म्हणजे परत बांधताना क्रम बिघडत नाही. मला दोनदा समजावून सांगावं लागलं.

माझ्यासमोर आलं ते एक साधं घरगुती पत्र. पानिपत नाही, पेशवे नाहीत. कुठल्याशा शेताच्या वाटणीचा मजकूर. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायचं, शब्द तोडायचे नाहीत, अशी लिहिण्याची चाल. एकदा लय सापडली की वाचताना मजा येते, पण लय सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. पत्र उभ्या अरुंद घड्यांचं होतं आणि घडीवर बरोबर अक्षरं झिजलेली. एका घडीच्या खाचेत काहीतरी चमकलं. भिंगातून पाहिलं तर वाळू. बोरूने लिहिलेली शाई टिपायला वर वाळू भुरभुरवायचे, तिचेच चार कण दोनशे-अडीचशे वर्षं तिथे बसून होते.

मी मजकूर उतरवून घेतला आणि पुढचा कागद मागितला. तेव्हा समोरचे गृहस्थ म्हणाले, "सर, पाठ बघितली का?"

पाठीवर वेगळ्या हातची एक ओळ होती. मला लागेना. त्यांनी उभ्या उभ्या वाचली: "पैवस्ती." म्हणजे पत्र पोचल्याची नोंद, तारखेसकट. पोटातली तारीख लिहिल्याची, पाठीवरची मिळाल्याची. दोन्ही मांडल्यावर कळलं की पत्राला वाटेत सतरा दिवस लागले होते. छापील खंडांतही पैवस्ती असते, पण एवढ्याशा ओळीत, आणि आपण ती ओलांडून मजकुराकडे धावतो. मीही इतकी वर्षं तेच करत होतो. मूळ कागदाला हात लावण्याचं भाग्य लाभलं तर आधी पाठ बघा, मग पोट. हात बदललाय का, शाई बदललीय का, हिशेबाचे चार आकडे कुणी खरडलेत का, सगळं टिपून घ्या.

तारखांची तयारी घरून करून जा, तिथे बसून शिकायला वेळ पुरत नाही. शुहूर सन ही जुन्या मराठी कागदांतली वर्षगणना, तिचे आकडे अरबी शब्दांत येतात: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, एकूण ११६१. हा सन मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची १४ जानेवारी १७६१ या हिशेबात चपखल बसते. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि तारखेआधी 'छ' दिसला तर तो चंद्राचा, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, एवढं लक्षात असू द्या.

दुपारी राजवाड्यांच्या स्वतःच्या टिपणांतली थोडी पानं बघायला मिळाली. इतिहासाइतकाच त्यांना शब्दांचा नाद होता. गावांची नावं, माणसांची नावं, क्रियापदांची मुळं, सगळ्याचा माग काढायचे. त्यांचा धातुकोश १९३७ साली, त्यांच्या मागे, छापून निघाला. त्यांच्या व्युत्पत्तींवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तच होती. बऱ्याच ठिकाणी त्यांनी ओढूनताणून संस्कृत गाठलं आहे. पण छापील राजवाडे कधी कचरत नाहीत, ठाम असतात. टिपणात एका शब्दाखाली एक मूळ लिहून खोडलेलं, दुसरं लिहिलेलं आणि पुढे नुसती मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेकडे मी बराच वेळ बघत बसलो.

जाण्यायेण्याचं सांगायचं तर मुंबईहून आग्रा रोडने नाशिक, मालेगाव करत सरळ धुळे. पुण्याहून मनमाड-मालेगावमार्गे रात्रीची बस सोयीची. रेल्वेने यायचं तर चाळीसगावला उतरा. तिथून धुळ्याला फाटा आहे, पण गाड्या मोजक्याच, वेळ बघून घ्या, नाहीतर एसटी आहेच. जुनं धुळं ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळात आखलेलं. गल्ल्या सरळ आणि नंबरांच्या, त्यामुळे वाट चुकायची भीती नाही. एप्रिल-मेचं ऊन अंगावर घेऊ नका. दिवाळीनंतर जा, स्वेटर न्या. शेवभाजी जेवणार असाल तर रात्री जेवा, दुपारी नको. माझी दुसऱ्या दिवशीची दुपार पेंगण्यात गेली.

दोन पूर्ण दिवस हाताशी ठेवा, तीन असतील तर उत्तम. मंडळाचं वस्तुसंग्रहालय बघायला तास-दीड तास लागतो. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेला रामदासी पोथ्यांचा संग्रह समर्थ वाग्देवता मंदिरात आहे, तोही धुळ्यातच. मला तिकडे धावती भेट देता आली, पोथी एकही उघडता आली नाही. फोटो काढायचे असतील तर आधी लेखी परवानगी मागा, टेबलावर बसून गुपचूप मोबाइल काढू नका. आणि निघताना, कुठल्या रुमालातला कितवा कागद पाहिला ते वहीत लिहिल्याशिवाय उठू नका. मी तीन कागदांचे क्रमांक विसरलो. त्यांच्यासाठी मार्गशीर्षात परत जातोय, या वेळी फोन करून.